चालता चालता कॉल: कोणता घ्यायचा, कोणता बसूनच

तुमचा प्रश्न मी असा समजले: घरून काम, दिवसातले पाच-सहा तास कॉलवर. साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्यासाठी वेगळा वेळ निघेना, म्हणून महिनाभरापासून तुम्ही कॉल चालता चालता घेताय. आता मॅनेजर म्हणतात, 'धाप ऐकू येते, तुमचं लक्ष नसतं.' आणि तुम्ही विचारताय, हे सोडून द्यावं का?

सोडू नका. पण तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, 'आता मी सगळेच कॉल चालत घेतो.' खरी मेख तिथे आहे. तुमचा प्रश्न चालावं की बसावं हा नाहीच. कोणत्या कॉलला तुमचे फक्त कान लागतात आणि कोणत्याला डोळे, हात आणि पूर्ण डोकं लागतं, ही निवड करायची राहून गेली आहे.

मी पुण्यात, कोथरूडला राहते. आयटी कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर आहे, क्लायंट अमेरिकेतले. २०१६ पासून रोज दोन किंवा तीन कॉल चालत घेते; त्याहून जास्त घेत नाही. डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीबद्दल जे सांगेन ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. कॉलबद्दल मात्र अनुभवाने बोलू शकते. यातलं बरंच तुमच्या कामावर, घराभोवतीच्या जागेवर आणि टीमच्या स्वभावावर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. सपोर्ट डेस्कवर असाल, तर पुढचं निम्मं तुमच्या उपयोगाचं नाही.

निवड कशी करायची ते सांगते. रविवारी रात्री मी आठवड्याचं कॅलेंडर उघडते आणि प्रत्येक कॉलपुढे एकच प्रश्न ठेवते: यात मला काही बघावं लागणार आहे का? कुणी स्क्रीन शेअर करणार असेल, शीट उघडी लागणार असेल, डिझाइन दाखवणार असतील, तर तो कॉल बसून. फोनच्या छोट्या स्क्रीनवर चालता चालता तक्ता वाचायचा प्रयत्न केला, की चालणंही बिघडतं आणि वाचणंही. बघायचं काही नसेल, तर दुसरा प्रश्न: यात आकडा, तारीख किंवा पैसा ठरणार आहे का? असेल तर तोही बसून. ही चाळणी लावून जे उरतात ते चालायचे: टीममधल्या एकेकाशी होणारं साप्ताहिक बोलणं, मोठ्या ऑल-हॅन्ड्स, म्हणजे सगळ्यांना एकत्र बोलावलेल्या मीटिंग, जिथे आपण फक्त श्रोते असतो, 'हे असं का होतंय' असा मोकळा विचार करायचा असतो ते कॉल, आणि ओळखीतल्या सहकाऱ्याशी पहिली चर्चा.

आकड्यांबद्दल मी इतकी कडक का, तर अंगाशी आलंय म्हणून. सुरुवातीच्या वर्षात एकदा संध्याकाळी कॉलवर एका सॉफ्टवेअरची किती लायसन्स घ्यायची ते ठरत होतं. मी रस्त्याच्या कडेने चालत होते, मागून बस गेली. पलीकडून म्हणाले 'फिफ्टीन', मी ऐकलं 'फिफ्टी', आणि 'हो, चालेल' म्हणून मोकळी झाले. चूक लक्षात आली ती तीन दिवसांनी, ऑर्डर निघताना. ती थांबवता आली, पण ते तीन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं आणि दोन माणसांना माझ्या वतीने माफी मागावी लागली. तेव्हापासून चालत्या कॉलवर अचानक आकडा निघालाच, तर मी जागच्या जागी थांबते, तो आकडा अंक सुटे करून परत म्हणते, 'वन फाइव्ह, पंधरा, बरोबर?' आणि कॉल संपल्याबरोबर तोच आकडा मेसेजमध्ये लिहून पाठवते. हा नियम आजवर मोडलेला नाही.

चालण्याचा डोक्याला फायदा होतो हे मात्र खरं आहे, आणि तोही ठरावीक प्रकारच्या कामातच होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. माणसं बसलेली असताना त्यांना जितक्या नव्या कल्पना सुचत होत्या, त्याहून चालताना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या. बाहेरच्या झाडा-हवेमुळेच असं होतं असंही नाही. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही जास्त सुचलं. पण ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं, त्यात चालणारे किंचित मागे पडले. हे वाचलं तेव्हा माझ्या कॅलेंडरची विभागणी मला नीट उमगली. विचार मोकळा सोडायचा असेल तेव्हा चाला, नेमकं एक उत्तर हवं असेल तेव्हा बसा.

आता धापेचं. तुम्ही टेकडी चढता चढता कॉल घेता असं लिहिलंय. तो बंद करा. टेकडीवर जरूर जा, पण फोन खिशात ठेवून. व्यायाम आणि कॉल दोन्ही एकाच वेळी पुरे होत नाहीत; कॉलवरच्या चालीला मी व्यायामात धरतच नाही, ती बसून राहणं तोडायची युक्ती आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि मध्यम श्रम ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. साधारण मिनिटाला १०० पावलं. पण 'बोलता येतं' म्हणजे मित्राशी तुटक तुटक बोलता येतं. क्लायंटला सलग तीन मिनिटं काही समजावता येत नाही. म्हणून ऐकताना माझी चाल त्या वेगाची असते, आणि बोलायची पाळी आली की शतपावलीच्या चालीवर येते. लांब बोलायचं असेल तर सरळ थांबते. थांबून बोलण्यात काही कमीपणा नाही, उलट आवाजात ठामपणा येतो.

धाप पलीकडे ऐकू जाते त्याचं दुसरं कारण बहुतेक वेळा माइकची जागा असते. वायरच्या हेडफोनचा माइक थेट ओठांसमोर लटकत असेल, तर प्रत्येक श्वास त्यावर आदळतो. तो हनुवटीच्या थोडा खाली आणि बाजूला घ्या. शर्टाच्या कॉलरला किंवा ओढणीला घासू देऊ नका. ते घासणं पलीकडच्याला कागद चुरगाळल्यासारखं ऐकू येतं. आणि बोलत नसाल तेव्हा म्यूट.

मॅनेजर लक्षाबद्दल म्हणतात, त्यात तथ्य असू शकतं, पण दोष पायांचा नसावा. चालायला डोकं फारसं लागत नाही; अनोळखी रस्ता, वाहनं, खड्डे, कुत्री, ओळखीचे भेटणारे लोक, हे सगळं लक्ष खातं. आणि उलटंही होतं, कॉल रस्त्यावरचं लक्ष खातो. अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात २००९ साली एक अभ्यास झाला. एका माणसाला विदूषकाच्या वेशात एकचाकी सायकलवर बसवून चौकात फिरवलं, आणि तिथून चालत आलेल्यांना विचारलं, तो दिसला का? फोनवर बोलत चाललेल्यांपैकी जेमतेम २५ टक्क्यांना दिसला होता. एकटे, फोनशिवाय चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना. एवढा रंगीबेरंगी विदूषक समोरून जाऊन दिसत नाही, तर उलट्या बाजूने येणारी दुचाकी कुठून दिसणार? आपल्याकडे तर फुटपाथ मध्येच संपतो, चेंबरचं झाकण वर आलेलं असतं.

म्हणून माझी चालत्या कॉलची जागा ठरलेली आहे: आमच्या सोसायटीच्या आतली फेरी. एक फेरी चार मिनिटांची. गेटपासून निघायचं, वॉचमनच्या केबिनपाशी डावीकडे, मग सी विंगच्या मागची सरळ पट्टी, जिथे एकही गाडी येत नाही. तिथे बोलायचं. पुढे ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचा गुंगुं आवाज माइकमध्ये येतो, तिथे म्यूट. मग मुलांच्या सायकलींचा कोपरा, तिथेही म्यूट आणि डोळे उघडे. शेवटी पारिजातकाजवळचा बाक. काही टिपून घ्यायचं असेल तर तिथे. मला या वाटेवर कुठे पाऊल टाकायचं याचा विचार करावाच लागत नाही, म्हणून ऐकायला डोकं मोकळं राहतं. कंटाळा येतो का? येत नाही, कारण मी वाट बघायला आलेलीच नसते, माणसाचं ऐकायला आलेली असते. तुमच्याकडे सोसायटी नसेल तर गच्ची, पार्किंग, शाळेच्या मैदानाची कड, काहीही चालेल, फक्त रोज तीच वाट असू द्या. बागेवर विसंबायचं असेल तर वेळा बघून घ्या. पुण्यात महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. आणि रस्ता ओलांडावाच लागला तर बोलत बोलत ओलांडू नका. 'एक मिनिट, रस्ता ओलांडते' एवढं म्हटलं की जगातला कुठलाही माणूस थांबतो.

आवाज तुटण्याबद्दल थोडक्यात. घरातून कॉल सुरू करून बाहेर पडलात, की दारापाशी वायफाय सुटतं, मोबाइल डेटा पकडला जातो आणि मधले पाच-दहा सेकंद तुम्ही गायब होता. पलीकडच्याला वाटतं, लक्ष नाही. कॉलला जोडण्याआधीच वायफाय बंद करा. डेटाची काळजी नको. नुसत्या आवाजाच्या कॉलला तासाला ३०-४० एमबीच्या आसपास लागतात. मीटिंगमध्ये फोन नंबर लावून जोडायची सोय असेल तर ती त्याहून बरी. ब्लूटूथवर गाणी छान वाजतात, पण माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा उतरतो, तो इअरफोनचा दोष नसतो. वाऱ्याकडे पाठ ठेवा. वारा माइकवर आदळल्याची घरघर तुम्हाला ऐकूच येत नाही, फक्त समोरच्याला येते. आणि कॅमेरा बंद. हलतं चित्र बघून लोकांना गरगरतं.

वेळेचं गणित तुमच्या साखरेशी जोडलेलं आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचा २०१६ सालचा एक अभ्यास आहे. टाइप-२ मधुमेह असलेल्या लोकांनी दिवसातून कधीतरी एकदा ३० मिनिटं चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाललं, तेव्हा त्यांची जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे शतपावली घरोघरी सांगितली जाते, ती याच वेळेची. तुम्हाला अजून मधुमेह झालेला नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण दुपारी जेवल्यानंतरचा पहिला कॉल चालायचा ठेवता आला तर ठेवा, एवढं मी नक्की म्हणेन. कॅलेंडरमध्ये माझा दीड वाजताचा कॉल वर्षानुवर्षं तसाच ठेवलेला आहे.

अमेरिकेसोबत काम असेल तर आणखी एक गोष्ट. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. जूनमध्ये पुण्यात सात वाजून गेले तरी उजेड असतो, डिसेंबरमध्ये सहालाच अंधारतं. म्हणजे तोच कॉल उन्हाळ्यात उजेडात आणि हिवाळ्यात पूर्ण अंधारात येतो. दर नोव्हेंबरला मी संध्याकाळचे कॉल घरात घ्यायला लागते आणि चालणं दुपारकडे सरकवते. अंधारात एकटीने कानात बोळे घालून फिरणं मला पटत नाही, आणि टीममधल्या मुलींनाही मी तेच सांगते.

चालत्या कॉलचा सगळ्यात मोठा गुण मात्र साखरेशी संबंधित नाही. माझ्या टीममधली एक मुलगी नागपूरहून काम करायची. दर गुरुवारी आमचा अर्ध्या तासाचा कॉल व्हायचा, कॅमेरे सुरू, समोर कामांची यादी. सहा आठवडे ती 'सगळं ठीक आहे, मॅम' म्हणत होती, आणि काम मात्र मागे पडत होतं. एका गुरुवारी मी म्हटलं, आज दोघीही चालू या, यादी नको. ती फुटाळा तलावाच्या काठाने चालत होती, मी आमच्या फेरीवर. पहिली दहा मिनिटं इकडचं तिकडचं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. स्क्रीनवर असते तर ती शांतता मी नक्की भरून काढली असती, काहीतरी विचारलं असतं. चालताना ती खटकली नाही; तिच्या पावलांचा आवाज येत होता, मागे कुठेतरी भुट्टेवाला ओरडत होता. आणि मग ती म्हणाली, 'मॅम, आई आजारी आहे, रात्रीच्या शिफ्ट मला आता जमत नाहीत, मी राजीनामा लिहून ठेवलाय.' राजीनामा दिला नाही तिने. शिफ्ट बदलून दिली, दोन महिन्यांत काम रुळावर आलं. समोरासमोर डोळ्यांत बघून जे बोलवत नाही ते शेजारी शेजारी चालताना बोललं जातं, आणि फोनवर, शेकडो किलोमीटर अंतरावरूनही हे होतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून टीममधल्या एकेकाशी होणारे सगळे कॉल मी चालतच घेते, समोरच्याची हरकत नसेल तर. हरकत असू शकते. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला दमा असतो, कुणाच्या घराबाहेर चालण्यासारखी जागाच नसते. 'तुम्ही आरामात बसा, मी फिरत फिरत ऐकते' एवढं पुरतं.

मात्र मोकळ्या जागेत मोकळं बोलताना भान ठेवा. कानात आवाज असला की आपण नकळत मोठ्याने बोलतो. क्लायंटचं नाव, कुणाचा पगार, कुणाला काढायचंय, हे बाकावर बसलेल्या दहा लोकांना ऐकवायचं नसतं. मी बाहेर क्लायंटचं नाव उच्चारतच नाही, 'ते लोक' म्हणते, आणि तसा विषय निघाला तर 'हे घरी गेल्यावर बोलते' म्हणून बाजूला ठेवते.

आता तुमच्या मॅनेजरकडे वळू. त्यांची तक्रार मनावर घ्या, पण तिचा अर्थ 'चालू नका' असा लावू नका. त्यांना वेळ मागा आणि तो कॉल बसून, कॅमेरा सुरू ठेवून करा. तब्येतीचं कारण सांगायचं की नाही ते तुमच्यावर. मी तरी सांगितलं असतं, लपवल्याने गैरसमज वाढतो. मग त्यांनाच विचारा, 'कोणत्या मीटिंगमध्ये तुम्हाला माझं लक्ष नाहीसं वाटलं?' उत्तर बहुधा एखाद-दुसऱ्या मीटिंगचं असेल, आठवड्याच्या रिव्ह्यूचं नाहीतर प्लॅनिंगचं. त्या दोन आजपासून बसून. उरलेल्यांत जो कॉल चालत घ्याल त्याच्या सुरुवातीला सांगा, 'मी चालतोय, आवाज नीट येत नसेल तर लगेच सांगा.' आणि संपल्यावर पाच मिनिटांत तीन ओळी पाठवा: काय ठरलं, माझ्याकडे काय आलं, कधीपर्यंत. मी त्यासाठी खिशात तळहाताएवढी वही ठेवते. बाकावर बसून आधी तिच्यात, मग फोनवर. फोनवरच लिहायला घेतलं की दुसरे मेसेज दिसतात आणि ठरलेलं निम्मं विसरतं. महिनाभर अशा तीन ओळी वेळेवर मिळाल्या, की लक्षाबद्दलचा प्रश्न ते पुन्हा काढणार नाहीत, असा माझा अनुभव आहे.

थोडक्यात तुमचा पहिला आठवडा: जेवणानंतरचा एक कॉल, आणि ज्याच्याशी तुमचं चांगलं जमतं अशा सहकाऱ्याबरोबरचा एक. बाकी सगळे बसून. टेकडी सकाळी, फोनशिवाय. दोन आठवडे सुरळीत गेले तर तिसरा कॉल वाढवा.

पावसाळ्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. छत्री, फोन आणि निसरडी फरशी हे तिन्ही एकत्र नको. पाऊस असेल त्या दिवशी मी इमारतीच्या पार्किंगमध्ये, खांबांच्या दोन रांगांच्या मध्ये फेऱ्या मारते. पार्किंग जमिनीच्या पातळीवरचंच घ्या. तळघरात उतरलात की रेंज जाते. संध्याकाळी साडेसहा ते आठ गाड्या परतायची वेळ, तेव्हा तिथेही नको. त्या वेळेचा कॉल असेल तर हॉलपासून गॅलरीपर्यंत फिरते. आमच्याकडे ती एक खेप चोवीस पावलांची होते.